चहाचा पेला आणि जेवणाचे ताट

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीच्या तालुक्यांत पहाटे कोणत्याही घरी गेले तरी चुलीवरचे पहिले आधण चहाचे असते. रापणीचा दोर ओढण्यास निघालेला मच्छीमार, तरवा काढण्यासाठी कंबर बांधून शेतात उतरणारी शेतकरी भगिनी, काजूच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणारी कामकरीण, या सर्वांच्या दिवसाचा आरंभ चहानेच होतो. घरी आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या आणि पाठोपाठ चहाचा पेला ठेवणे हा तर आपल्याकडील शिष्टाचारच होय. लावणीच्या दिवसांत एका गावी गेलो असता बांधावर बसून चहा घेणाऱ्या एका वृद्ध बाईंना आम्ही सहज विचारले, "दिवसाकाठी चहा किती वेळा होतो?" त्या हसून म्हणाल्या, "सायबानू, चाय घेतल्याबिगर आंगाक बळच येना नाय."

बाईंचे म्हणणे अनुभवाचे होते. चहा घेतला की हुशारी वाटते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु चहाने खरोखर बळ येते काय, आणि येत नसेल तर ती हुशारी येते कोठून, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्या बाईंच्या शेजारीच भाकरी आणि कुळथाची पिठी यांची न्याहारी उघडून ठेवलेली होती व न्याहारीचा घास आणि चहाचा घोट एकाच वेळी चालला होता. ज्या अन्नातून खरे बळ यावयाचे, त्यातील एक मोलाचा अंश तो चहा वाया घालवीत होता. हे कसे घडते, हे समजण्यासाठी चहाच्या पानात कोणती द्रव्ये असतात व ती शरीरात गेल्यावर काय करतात, हे पाहिले पाहिजे.

आपल्या शेतात न येणारे पीक

चहाचे झुडूप कॅमेलिया सायनेन्सिस या जातीचे. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक चिनी, बारीक पानांचा. दुसरा आसामी, मोठ्या पानांचा. आसामात हे झुडूप रानटी अवस्थेत वाढते व तेथील सिंग्फो लोक त्याची पाने वापरतात, ही गोष्ट रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याच्या नजरेस १८२३ साली आली. पुढे आसामातील मळ्यांचा चहा लंडनच्या बाजारात गेला आणि हळूहळू आसाम, दार्जिलिंग, निलगिरी व मुन्नार येथे मोठाले मळे उभे राहिले. आसामात जोरहाटजवळ टोकलाई येथे १९११ साली चहावर संशोधन करणारे केंद्र निघाले. आज भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश चहा आपण भारतीयच पितो.

आपली तांबडी, आम्लधर्मी जांभा जमीन पाहून, "चहा येथे का होऊ नये?" असा प्रश्न काही बागायतदार विचारतात. चहाला आम्लधर्मी जमीन मानवते हे खरे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हेही खरे. परंतु तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर सात-आठ महिने कोरडे जातात. चहाच्या झुडपाला वर्षभर विभागून पडणारा पाऊस व दमट हवा लागते, कारण त्याची कोवळी फूट आठवड्या-दहा दिवसांनी पुनःपुन्हा खुडावयाची असते. यास्तव आपल्या जिल्ह्यात चहा हे पिकवण्याचे नव्हे, तर विकत घेण्याचे पीक होय. जे विकत घ्यावयाचे, त्याचे गुणदोष जाणून घेणे हे शहाणपणाचे.

पानात काय असते?

चहासाठी झुडपाच्या शेंड्याकडील दोन कोवळी पाने व एक कळी खुडतात. या कोवळ्या फुटीत तीन प्रकारची द्रव्ये विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले द्रव्य कॅफीन. वाळलेल्या पानात ते साधारणपणे शेकडा दोन ते चार भाग असते. ते कडू असून झुडपाला त्याचा उपयोग किडींपासून बचाव करण्यासाठी होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने १८१९ साली कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. १८२७ साली चहातूनही एक द्रव्य निघाले व त्यास 'थेईन' असे नाव मिळाले. पुढे ही दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे, "कॉफी उष्ण, चहा सौम्य" असे आपण म्हणत असलो तरी दोहोंतील चेतक द्रव्य एकच आहे. फरक केवळ प्रमाणाचा.

दुसरा गट पॉलिफेनॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुरट द्रव्यांचा. यांनाच व्यवहारात आपण टॅनिन म्हणतो. वाळलेल्या कोवळ्या पानाच्या वजनाचा जवळजवळ चौथा ते तिसरा हिस्सा या द्रव्यांचाच असतो. त्यांतील मुख्य म्हणजे कॅटेचिन. जीभ ओढून धरणारा तुरटपणा आपल्याला नवा नाही. काजूचे बोंडू खाल्ल्यावर घशाशी जे खवखवते, कच्ची सुपारी चावल्यावर तोंड जे आवळून येते, हिरडा चघळल्यावर जी जीभ कोरडी पडते, ते सारे टॅनिनचेच काम. तोंडातील लाळेमधील प्रथिनांना टॅनिन चिकटते, त्यामुळे लाळेचा ओशटपणा जातो व तुरट चव भासते. टॅनिनचा हा चिकटण्याचा स्वभाव ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथा त्याच्याभोवतीच आहे.

तिसरे द्रव्य थिॲनीन नावाचे अमिनो आम्ल. ते जपानी संशोधकांनी १९४९ साली चहात शोधून काढले. चहाच्या चवीतील मऊपणा यातून येतो. कॅफीनमुळे येणाऱ्या उत्तेजनाची धार थिॲनीनमुळे थोडी कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

हिरव्या पानाची काळी पूड

एकाच झुडपाच्या पानांपासून हिरवा चहाही होतो आणि काळा चहाही होतो. फरक प्रक्रियेचा आहे. सुरण किंवा वांगे चिरून तसेच ठेवले, तर त्याच्या फोडी काही वेळाने काळवंडतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. चिरल्यामुळे पेशी फुटतात, आतील टॅनिनजातीय द्रव्ये व एक विशिष्ट विकर यांची गाठ पडते, आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने रंग बदलतो. चहाच्या कारखान्यात हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात.

खुडलेली पाने प्रथम बारा ते अठरा तास पसरून कोमेजू देतात. मग ती यंत्रात चुरडतात. १९३० नंतरच्या काळात आसामात एक यंत्र निघाले. त्याचे दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात व वळून त्याचे बारीक दाणे करतात. या तीन क्रियांच्या इंग्रजी नावांवरून त्या चहाला 'सीटीसी' म्हणतात. आपल्या दुकानात मिळणारी दाणेदार पूड ती हीच. चुरडलेला पाला काही काळ हवेवर ठेवला की तो हिरव्याचा तांबूस होतो. या पायरीला पूर्वीपासून 'आंबवणे' म्हणत आले असले तरी येथे ताकाप्रमाणे जंतूंचे काम नसते. ते केवळ पानातील विकराचे आणि प्राणवायूचे काम असते. कॅटेचिन एकमेकांस जोडले जाऊन थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही नवी द्रव्ये तयार होतात. पहिल्यामुळे चहाला सोनेरी झाक व तरतरीत चव येते, दुसऱ्यामुळे तांबूस-तपकिरी रंग व भरीवपणा येतो. शेवटी कढत हवेने पाला वाळवतात. विकराचे काम थांबते आणि पूड टिकाऊ होते. हिरव्या चहात मात्र आरंभीच पानांना उष्णता देऊन विकर मारून टाकतात, म्हणून कॅटेचिन जसेच्या तसे राहते.

आपल्याकडील रीत म्हणजे पाणी, साखर, पूड व दूध एकत्र उकळण्याची. पुडीतील कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरते. त्यापुढे जितका वेळ आधण खळखळत ठेवावे, तितका तुरटपणा अधिक उतरत जातो. "कडक" चहा म्हणून जो पुनःपुन्हा उकळलेला चहा मिळतो, त्यात हुशारी फारशी वाढलेली नसते. वाढलेले असते ते टॅनिन.

थकवा जातो की झाकला जातो?

आता बाईंच्या "बळा"कडे वळू. आपण काम करू लागलो की मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचू लागते. ते मज्जापेशींवरील ठरावीक जागी जाऊन बसले की शरीराला "आता थांब, विश्रांती घे" असा संदेश मिळतो. कॅफीनची घडण ॲडिनोसीनशी मिळतीजुळती आहे. ते त्या जागा अडवून बसते. संदेश पोचत नाही, म्हणून थकवा जाणवत नाही. पाहुणा आला असताना कोणी दारात उभे राहून त्याला आत येऊ देऊ नये, तसाच हा प्रकार. पाहुणा परत गेलेला नसतो; बाहेर खळ्यात बसलेला असतो. कॅफीनचा अंमल ओसरला की साठलेला थकवा आत येतो.

यावरून स्पष्ट होईल की चहा बळ देत नाही, तो थकवा झाकतो. बळ येते ते भात, भाकरी, डाळ, मासळी आणि भाजीपाला यांतून. कोऱ्या चहात पोषण जवळजवळ नाहीच. दूध-साखरेच्या चहात जे थोडे पोषण असते ते दुधाचे. साखरेचा हिशेब मात्र मांडून पाहावा. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दिवसातून असे पाच पेले झाले तर पन्नास ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी शिफारस केली, तिच्यानुसार प्रौढ माणसाची दिवसभराची वरून घातलेली साखर साधारण एवढ्याच मर्यादेच्या आत असावी, आणि त्याच्या निम्म्यावर आली तर अधिक चांगले.

कॅफीन पोटात गेल्यावर पाऊण तासाच्या आत रक्तात उतरते आणि त्यातील निम्मा भाग शरीराबाहेर पडण्यास निरोगी माणसात सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. "पडल्याबरोबर झोप लागत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी आपला शेवटचा चहा किती वाजता होतो, ते आधी पाहावे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा काळ कितीतरी वाढतो व कॅफीन गर्भापर्यंतही पोचते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात एका पेल्यात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरून दिवसाची कमाल मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. गरोदर भगिनींनी त्याहून पुष्कळ खाली राहावे, हे उत्तम.

चहाची निंदा करणे हा येथे हेतू नाही. चहातील कॅटेचिनादी द्रव्यांचा रक्तवाहिन्यांस थोडा लाभ होतो, असे अनेक पाहण्यांत दिसते. बेताने घेतलेला चहा निरोगी माणसास अपाय करीत नाही. मात्र तो औषध नव्हे. अतिशय कढत पिण्याची सवयही वाईट. पासष्ट अंशांहून अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली काढला. हा दोष चहाचा नव्हे, चटक्याचा आहे. बशीत ओतून, निववून पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत या दृष्टीने चांगलीच म्हणावी लागेल.

शाईची दौत आणि पोट

आता मुख्य मुद्दा. पूर्वी आपल्याकडे हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून लिहिण्याची काळी शाई करीत. हिरडा म्हणजे टॅनिन आणि हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. दोन्ही एकत्र येताच टॅनिन लोहाला चिकटते व काळा, सहजासहजी न विरघळणारा पदार्थ बनतो. केळफूल किंवा कच्चे केळे विळीवर चिरताना पाते काळे पडते व बोटेही काळी होतात, त्यामागे हेच रसायन आहे.

ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. दुधाशिवाय केलेला कडक चहा दोन काचेच्या पेल्यांत घ्यावा. एकात गंजलेला खिळा टाकावा, दुसरा तसाच ठेवावा. सकाळपर्यंत खिळ्याच्या पेल्यातील चहा काळपट, शाईसारखा झालेला दिसेल. हा चहा अर्थातच पिऊ नये. महिला मंडळाच्या बैठकीत अथवा शाळेत हा प्रयोग दाखविल्यास शंभर शब्दांपेक्षा अधिक परिणाम होईल.

जेवणाबरोबर चहा घेतला की पोटात जे घडते, ते याहून फारसे निराळे नाही. भात, नाचणी, कुळीथ, पालेभाज्या यांतील लोह चहातील टॅनिनला भेटते, त्याच्याशी जखडले जाते आणि आतड्यातून रक्तात न जाता मळावाटे बाहेर पडते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना पाव, तसेच भात व त्यासोबत बटाटा-कांद्याचे सूप असे जेवण देऊन चहाचा परिणाम मोजण्यात आला. चहामुळे या अन्नांतील लोहाचे शोषण घटल्याचे दिसले. १९९९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला असता लोहाचे शोषण शेकडा ७९ ते ९४ इतके कमी झाले. "आम्ही दूध घालतो, मग काय बिघडते?" असे पुष्कळांना वाटेल. त्या अभ्यासात दूध घालूनही फारसा फरक पडला नाही.

वनस्पतिजन्य अन्नातील लोह मुळातच कमी शोषले जाते. आपल्यासारख्या तृणधान्यप्रधान आहारात ते शंभरात जेमतेम पाच ते आठ भाग एवढेच रक्तापर्यंत पोचते. त्या थोड्यातूनही चहा वाटा काढून घेतो. मासळी व मांस यांतील रक्तद्रव्याच्या रूपातील लोहावर चहाचा परिणाम बराच कमी होतो. शिवाय मासळी ताटात असली की सोबतच्या भाताचे व भाजीचे लोहही अधिक शोषले जाते.

पावसाळ्यातील ताट

येथे आपल्या किनाऱ्याचा ऋतुक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जून व जुलै महिन्यांत मासळीच्या वाढीसाठी यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ताजी मासळी दुर्मीळ व महाग होते. पाठोपाठ श्रावण येतो आणि कित्येक घरांत मासळी महिनाभर वर्ज्य होते. म्हणजे ज्या लोहावर चहाचा फारसा परिणाम होत नाही, नेमके तेच ताटातून जाते. आणि हेच दिवस लावणीचे! दिवसभर चिखलात वाकून काम, अंगावर पाऊस, आणि थंडी घालविण्यासाठी बांधावर पुनःपुन्हा चहा. मेहनत सर्वांत जास्त, लोहाची आवक सर्वांत कमी, आणि चहा सर्वांत अधिक, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात.

याचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडतो. मासिक पाळीत रक्ताबरोबर लोह जाते, म्हणून प्रौढ स्त्रीची दिवसाची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे; पुरुषाची १९ मिलिग्रॅम. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरले-सुरले खाणारी आणि भूक मारण्यासाठी चहा घेणारी गृहिणी ही आपल्याकडे अपवादात्मक नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. अपुरा आहार, पोटातील जंत, लागोपाठची बाळंतपणे ही त्यांत मोठी. एकट्या चहावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु इतर कारणे दूर करण्यास पैसा, औषध व वेळ लागतो. चहाची वेळ बदलण्यास काहीच लागत नाही.

रक्त कमी असले की दम लागतो, चक्कर येते, काम उरकत नाही. मग हुशारीसाठी चहा घेतला जातो, आणि तो चहा जेवणातील लोह अडवितो. असे हे रहाट चालू राहते. ते कोठे तरी थांबविले पाहिजे.

मग करावे काय?

चहा सोडावा असे आमचे म्हणणे नाही. चहा आणि जेवण यांत अंतर ठेवावे, एवढेच म्हणणे आहे. पुढील गोष्टी प्रत्येक घरात सहज करता येतील.

१. जेवण अथवा न्याहारी यांच्या आधी एक तास व नंतर निदान एक तास चहा घेऊ नये. उपर्युक्त राष्ट्रीय मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे. जेवणानंतर दीड-दोन तास गेले तर अधिक चांगले. सकाळी उठल्यावर चहा, तासाभराने न्याहारी. दुपारी जेवण, आणि तिसऱ्या प्रहरी चहा, असा क्रम ठेवावा. बांधावर न्याहारी नेताना सोबत चहाऐवजी पाणी, पेज किंवा ताक न्यावे.

२. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर कदापि घेऊ नये. खिळ्याचा प्रयोग आठवावा. गोळी पाण्याबरोबर अथवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी.

३. जेवणात क जीवनसत्त्व असावे. लिंबाची फोड, आवळा, पेरू, कोथिंबीर यांमुळे लोहाचे शोषण वाढते. कैरी व आमचूरही उपयोगी. परंतु आंबट तितके सारे सारखे नव्हे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगांत आमचूर व सायट्रिक आम्ल यांमुळे धान्य-कडधान्यांतील लोह अधिक उपलब्ध झाले, तर कोकम व चिंच यांचा तसा लाभ दिसला नाही, कारण त्यांत टॅनिन असते. सोलकढी रुचीसाठी अवश्य घ्यावी. लोहासाठी लिंबू व आवळ्यावरच भिस्त ठेवावी.

४. कुळीथ, मूग, चवळी यांना मोड आणून वापरावे. मोड आल्याने लोहाला अडविणारी द्रव्ये कमी होतात.

५. भाजी लोखंडी कढईत करावी. अन्नात थोडे लोह उतरते, आणि पदार्थ आंबट असेल तर अधिक उतरते.

६. पावसाळ्यात परड्यात व बांधावर आपोआप उगवणारा टाकळा, कुर्डू, तसेच शेवग्याचा पाला व अळू यांचा जेवणात समावेश करावा. मासळीबंदीच्या दिवसांत सुकी मासळी थोडीथोडी पुरवून वापरावी.

७. लहान मुलांना चहा देऊ नये. चहात बुडवून खारी अथवा पाव देणे ही मुलाची न्याहारी नव्हे. मुलाचे पोट लहान. ते चहाने भरले तर अन्नाला जागा उरत नाही.

चहापूड घेताना व ठेवताना

पुडीत भेसळ असल्याची शंका आल्यास घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. ओल्या टीपकागदावर थोडी पूड पसरून वर पाणी शिंपडावे व काही वेळाने कागद धुऊन उजेडात धरावा. त्यावर गडद रंगाचे डाग उमटले तर रंग दिला असण्याचा संभव आहे. दुसरी चाचणी चुंबकाची. काचेवर पसरलेल्या पुडीवरून चुंबक फिरवावा. लोखंडाचा कीस असल्यास तो चिकटून येतो. असा कीस पोटात गेल्याने रक्त वाढते अशी कोणी समजूत करून घेऊ नये. भेसळ ती भेसळच.

चहापूड ओल व वास दोन्ही चटकन ओढून घेते. आपल्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि सुके बांगडे, सोडे यांच्यापासून दूर ठेवावी. अन्यथा चहाला सुक्या मासळीचा वास लागतो. उकळून उरलेला चोथा दूध-साखर निघून जाईपर्यंत धुऊन कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. त्यात नत्र असते, आणि तो उकिरड्यावर फेकण्यापेक्षा खतात गेलेला बरा.

परड्यातील गवती चहा

विकतच्या चहाला जोड म्हणून प्रत्येक परड्यात गवती चहाचा एखादा ठोंब असावा. हे नावाने चहा असले तरी जातीने गवत आहे. त्याचा चहाच्या झुडपाशी संबंध नाही आणि त्यात कॅफीन नाही. त्याचा लिंबासारखा सुवास त्यातील तेलामधील सिट्राल या द्रव्यामुळे येतो. पावसाळ्याच्या आरंभी जुन्या ठोंबाचे फुटवे मुळांसह वेगळे करून विहिरीच्या अथवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, परंतु पाणी तुंबणार नाही अशा जागी लावावेत. पाती जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावीत म्हणजे पुन्हा फूट येते. रात्री काही ऊन घ्यावेसे वाटले, तर चहापूड न घालता केवळ गवती चहा व आले यांचे पाणी घ्यावे. त्याने झोप मोडणार नाही.

लावणीच्या बांधावर भेटलेल्या त्या बाईंकडे आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा सोबत काचेचे दोन पेले आणि एक गंजलेला खिळा नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा झालेला पेला पाहून त्या क्षणभर बोलल्या नाहीत. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "गो, गोळी चायवांगडा घेव नको हां." सून गरोदर होती आणि आरोग्य केंद्रातून मिळालेली गोळी ती रोज सकाळच्या चहाबरोबर घेत होती. त्या घरातील चहा बंद झाला नाही. चहाची वेळ बदलली. प्रत्येक घराने एवढे केले, तर शेतात पिकविलेले आणि कष्टाने रांधलेले अन्न ज्याच्यासाठी आहे त्याच्या अंगी लागेल, आणि बळ कशाने येते याचे उत्तर कोणास विचारावे लागणार नाही.